सहा फुटी टँक डोंबिवलीहून पुण्याला न्यायचाय, कसा न्यावा?

प्रश्न : दादा नमस्कार, मिस्टरांची बदली झालीये, एप्रिलमध्ये आम्ही डोंबिवलीहून वाकडला चौथ्या मजल्यावर शिफ्ट होतोय. घरी सात वर्षं जुना 6×2×2 फुटी टँक आहे, त्यात दोन मोठे ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर आणि एक सकर फिश. ऑस्कर मुलाने एवढ्याशा पिल्लांपासून वाढवलेत, तो म्हणतो मासे येणार नसतील तर मी पण येत नाही. पॅकर्सवाले म्हणतात तळाला चार इंच पाणी ठेवून माशांसकट टँक टेम्पोत चढवू. नव्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात एवढं वजन स्लॅबला चालणार नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, पॅकर्सवाल्यांचं अजिबात ऐकू नका आणि सेक्रेटरींचं थोडं ऐका.

आधी पॅकर्सचं. 12 एमएमची काच असेल तर तुमचा रिकामा टँकच साधारण 120 किलो भरतो, त्यात चार इंच पाणी ठेवलं की आणखी शंभरावर किलो, आणि हे पाणी गप्प बसत नाही, उचलताना एका बाजूला धावतं, तळाची काच वाकते आणि सगळा ताण सिलिकॉनच्या जोडांवर येतो. सात वर्षांचं सिलिकॉन तो ताण सहन करेलच असं नाही. टँक पूर्ण रिकामा, खडीसुद्धा काढून, पाच-सहा माणसांनी तळाला हात घालून उचलायचा, वरच्या कडेला धरून कधीच नाही. टेम्पोत गादीवर सपाट ठेवा. आणि लिफ्ट आत्ताच मोजून या, सहा फूट आत मावत नसेल तर जिन्याची वळणंही मोजा, ऐन वेळी तिसऱ्या मजल्यावर टँक अडकला की सगळ्यांचा धीर सुटतो.

आता वजन. तुमचा टँक म्हणजे 24 घनफूट, म्हणजे काठोकाठ 680 लिटर. दोन इंच कमी भरला तरी 620 किलोच्या वर पाणी, वर काच, स्टँड, खडी धरून जवळपास 900 किलो, आणि ते सगळं सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर. राहत्या घराच्या खोल्यांचं डिझाईन करताना माणसं-सामानासाठी चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार धरतात. म्हणजे सेक्रेटरींची काळजी खोटी नाही. पण तो आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे टँक कुठे ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. हॉलच्या मधोमध नको, बाल्कनीत तर मुळीच नको कारण ती बऱ्याचदा बाहेर लोंबकळणारी स्लॅब असते. भिंतीला लागून, बीमच्या वर, कॉलमच्या जवळ. तुमच्या फरशीखालचा बीम खालच्या फ्लॅटच्या छताला दिसतो, शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि बघून या. तरीही 900 किलोचा मामला आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागा दाखवून त्याच्याकडून लेखी घ्या, तोच कागद सेक्रेटरींना द्या.

आता खरं दुखणं सांगतो. लोक काच सांभाळतात आणि फिल्टर विसरतात. 2011 साली मी घर बदललं तेव्हा टँकला ओरखडा येऊ दिला नाही, आणि "एवीतेवी सगळं उघडलंच आहे" म्हणून फिल्टरचे स्पंज आणि रिंग नळाखाली चकाचक धुतले. आठवड्याभरात चार मासे गेले, त्यातला एक नऊ वर्षांचा होता, त्याची आठवण आजही बोचते. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया येतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या मीडियाला, म्हणजे त्या स्पंज-रिंगांना, चिकटून असतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात, सुकले तरी मरतात. नव्याने तयार व्हायला चार-सहा आठवडे, आणि तेवढे दिवस एवढे मोठे ऑस्कर विषात राहणार.

म्हणून काच आधी जाऊ दे, मासे दोन-तीन दिवसांनी. दोन 200 लिटरचे निळे ड्रम घ्या, आधी केमिकल भरलेले नकोत. जुन्या टँकचंच पाणी भरा, एकात ऑस्कर, दुसऱ्यात बाकीचे, दोन्हींवर जाळी कारण सिल्व्हर डॉलर उडी मारतात. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकच्या बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, ऑस्करच्या ड्रमला लावा, त्यातली थोडी मीडिया जाळीच्या पिशवीत घालून दुसऱ्या ड्रममध्ये एअर स्टोनवर (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा. खाणं बंद, मोठे मासे तीन-चार दिवस आरामात काढतात. रोज थोडं पाणी बदला. टँक लावेपर्यंत मिस्टर वाकडला आणि तुम्ही ड्रमजवळ अशी वाटणी करावी लागेल.

तिकडे स्टँड लावून पाणसळीने लेव्हल बघा, लांबीतही आणि रुंदीतही. स्टँडच्या चार पायांखाली टाईल्स फुटू नयेत म्हणून खाली जाड प्लायवूड, आणि काच थेट फळीवर न ठेवता मध्ये थर्माकोल किंवा फोम. मग रिकामा टँक भरा आणि पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवा, प्रत्येक कोपऱ्यावर कोरडा टिश्यू फिरवा. तोच तुमचा लीक टेस्ट, आणि कोरडा राहिला तर त्याच पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून हवा चालू ठेवली की माशांसाठी पाणीही तयार. खडी मात्र जुन्या पाण्यात खळखळून धुवूनच घाला, सात वर्षांचा गाळ तसाच ढवळला तर माशांना फार वाईट.

माशांच्या दिवशी पहाटे पाचला निघा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि एप्रिलचं ऊन माफ करत नाही. ऑस्कर दुहेरी जाड पिशवीत, एकात एकच, एक भाग पाणी दोन भाग ऑक्सिजन, पिशव्या थर्माकोलच्या पेटीत. सकर फिशला पिशवी नको, त्याच्या काट्याने ती फाटते, त्याला झाकणाच्या बादलीत बॅटरीच्या एअर पंपसोबत न्या आणि जाळीने पकडू नका, काटे अडकतात. मीडिया ओली ठेवून उघड्या बादलीत न्या, बंद कॅनिस्टरमध्ये ठेवली तर काही तासांत ऑक्सिजन संपून बॅक्टेरिया गुदमरतात. पोचल्यावर चहा नंतर, फिल्टर आधी.

आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, नव्या जागी ऑस्कर तळाशी आडवा होऊन रुसून बसतो, रंग काळपट पडतो, एक-दोन दिवस ढुंकूनही बघत नाही. दिवा बंद ठेवा, काचेवर टकटक नको. कल्ले फार जोरात चालत असतील तर मात्र अमोनिया टेस्ट करा आणि लगेच पाव टँक पाणी बदला. दोन दिवसांनी अगदी थोडं खाणं.

प्रश्न : आमच्याकडे पालिकेचं पाणी होतं, नव्या बिल्डिंगमध्ये बोअर आणि टँकर मिसळून येतं. चालेल का?

उत्तर : चालेल, पण एकदम नको. बोअरचं पाणी बहुतेक जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं, पालिकेचं मऊ. मासे जड पाण्याला सरावतात, अचानक बदल त्यांना झेपत नाही, म्हणून जुनं पाणी 20 लिटरच्या जारमध्ये जमेल तेवढं आणा आणि बाकीचा फरक पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं बदलत भरून काढा. टँकर नुकताच आला असेल तर त्या दिवशी पाणी भरूच नका, कधीकधी त्यात ब्लीचिंग पावडर भरपूर असते आणि नेहमीच्या मापाचं अँटीक्लोरीन पुरत नाही.