कोळी, कोळी आणि तो वाडा

"वरळी कोळीवाड्यात फिरून आलो, घरं तर एवढीएवढीशी, मग त्याला वाडा का म्हणतात?" असा प्रश्न आलाय. सांगतो, पण आधी एक. मेनूवर 'पनीर कोळीवाडा' लिहितात ना ते बघून डोकं फिरतं. तो लाल तळणीचा प्रकार मुळात कोळ्यांचा नाहीच, फाळणीनंतर सायन कोळीवाड्यात येऊन राहिलेल्या पंजाबी लोकांनी तो चालू केला, आणि तिथल्या स्टेशनचं नावही आता गुरू तेग बहादूर नगर आहे. पनीर कुठल्या जाळ्यात सापडतं हो?

खरी गंमत 'कोळी'त आहे. भिंतीवरचा कोळी आणि होडीतला कोळी, दोघांना एकच शब्द कसा? संस्कृतात 'कौलिक' म्हणजे विणकर. पंचतंत्रात लाकडी गरुडावर बसून विष्णू झालेला तो, तोच कौलिक. प्राकृतात त्याचा 'कोलिअ' झाला आणि विणकराबरोबर अष्टपाद किड्यालाही चिकटला, कारण तोही विणतोच. आता माझं म्हणणं असं की मासेमारही त्यातच आला. नायलॉन येण्याआधी जाळं घरातच विणायचे, सुताचं नाहीतर सणाचं, मग ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्कं करायचे, म्हणजे समुद्रावर जाण्याआधी माणूस विणकरच की. जे 'कोल' जमातीवरून काढतात त्यांनी दोन शब्दांतला सारखेपणा सोडून दुसरं काही दाखवलेलं नाही, आणि 'कुली' कोळीवरून आला म्हणणाऱ्यांनी तमिळमध्ये 'कूलि' म्हणजे मजुरी हे एकदा बघावं. हां, डोंगरातल्या महादेव कोळ्यांचं काय, त्यांचं कुठलं आलंय जाळं, असं कोणीतरी विचारणारच. आक्षेप बरोबर आहे, तिथे मी अडतो. पण थिअरी सोडत नाही, किनाऱ्यापुरती तरी.

वरळीला मासे सोडून काय होतं म्हणा, हॉर्नबी वेलार्डचा बांध होईपर्यंत ते वेगळं बेटच, मागे किल्ला, गावात गोलफादेवी आणि भरतीला तीन बाजूंनी पाणी.

अरे, वाडा राहिलाच. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणातली जागा. त्यातूनच वाडी, भोईवाडा सगळे आले. चौसोपी, माडीवाला वाडा हा नंतरचा थाट. मेंढपाळाला विचारा, मेंढ्यांच्या वाड्याला माडी असते का ते.