आर्नोस ग्रोव्हचं गोल स्टेशन

प्रश्न : माझा मुलगा उत्तर लंडनमध्ये राहतो. तो रोज जातो त्या आर्नोस ग्रोव्ह ट्यूब स्टेशनचा फोटो त्याने पाठवला. विटांची गोल इमारत, वर सपाट छप्पर, नक्षी कुठेच नाही. तरी तिचं एवढं कौतुक का होतं? कोणी बांधली? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चार्ल्स होल्डन यांनी. जन्म १८७५, बोल्टनचा. स्टेशन सुरू झालं १९३२ मध्ये. फोटो बाहेरून काढलेला दिसतो. कौतुकाचं कारण आत आहे. मधोमध एकच खांब, त्याने छप्पर तोललेलं. भोवती उंच खिडक्या, त्यामुळे उजेड सगळीकडून येतो. तिकिटाची खोली खांबाच्या पायथ्याशीच बांधली, म्हणजे गर्दी तिला वळसा घालून सरळ गाड्यांकडे जाते. घाईतल्या माणसाचा एवढा विचार केलेली इमारत क्वचितच पाहायला मिळते, आणि म्हणूनच मी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना ती वर्षानुवर्षं शिकवत आले.

यात फ्रँक पिक यांचा वाटा मोठा. भुयारी रेल्वेचा कारभार पाहणारे हे गृहस्थ पोस्टरपासून बाकड्यापर्यंत सगळ्यात लक्ष घालत. १९३० मध्ये दोघं मिळून जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क आणि स्वीडनच्या नव्या इमारती पाहून आले. पुढच्याच वर्षी सडबरी टाउन स्टेशन उभं राहिलं. विटांची पेटी, वर काँक्रीटचं झाकण, असं होल्डन स्वतःच त्याचं वर्णन करत.

हा साधेपणा त्यांच्यात आधीपासून होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स-बेल्जियममधल्या सैनिकांच्या दफनभूमींची रचना त्यांनी केली, तीही अशीच अबोल. मात्र शिल्पकार निवडताना ते भिडस्त नव्हते. रेल्वेच्या मुख्यालयावरच्या जेकब एपस्टाइनच्या नग्न शिल्पांवरून १९२९ मध्ये वर्तमानपत्रांनी एवढं रान उठवलं, की पिक राजीनामा द्यायला निघाले. लंडन विद्यापीठाचं सेनेट हाउसही होल्डन यांचंच; मला ते जरा जड वाटतं.

‘सर’ ही पदवी त्यांनी दोनदा नाकारली. इमारत अनेकांच्या हातांनी उभी राहते, असं त्यांचं मत होतं. आज स्टेशनांवर त्यांचं नाव सांगितलं जातं तेव्हा मला पिकही आठवतात, आणि गवंडीही.

मुलाला सांगा, एकदा पुढच्याच साउथगेटला उतर. तिथल्या सरकत्या जिन्यावरचे ब्राँझचे दिवे नीट बघ.