आबा वही केव्हा सोडणार?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी आबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाल्यावर तू मला जे विचारलेस, त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. मामा आबांना गणपतीच्या खर्चाचा हिशेब वाचून दाखवत होता. मध्येच आबांनी त्याच्या हातातून वही घेतली, चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली, एक आकडा खोडला आणि शेजारी पुन्हा लिहिला. आकडा तोच होता; त्यांना तो स्वतःच्या अक्षरात हवा होता. फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, “आबा एलिझाबेथ राणीसारखे आहेत. मरेपर्यंत सोडणार नाहीत. आई, मोठ्यांनी मरेपर्यंत काहीच सोडायचे नाही, ही मराठी पद्धत आहे का?” शाळेच्या प्रकल्पासाठी तू सध्या राजघराण्यावर वाचते आहेस, त्यामुळे तुलना तुला सहज सुचली असेल. तुझा प्रश्न रास्त होता. मला लागला तो ‘मरेपर्यंत’ हा शब्द, कारण आबा ८३ वर्षांचे आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला मला इथून एक दिवस लागतो.

आधी राणीबद्दल लिहिते, कारण आबांची बाजू मांडायला मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. २१ एप्रिल १९४७ रोजी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, केपटाउनहून केलेल्या भाषणात त्यांनी आपले सारे आयुष्य, ते लांबो वा आखूड ठरो, सेवेला वाहिल्याचे सांगितले होते आणि तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. पण मुकुट सोडला नाही म्हणून त्यांनी काहीच सोडले नाही, असे तू प्रकल्पात लिहू नकोस. २०१३ साली कोलंबोला राष्ट्रकुलाची परिषद भरली, तेव्हा लांबचा प्रवास टाळून त्यांनी आपला थोरला मुलगा आणि वारस चार्ल्स यांना पाठवले. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये युद्धात पडलेल्यांच्या स्मारकावर त्यांचे पुष्पचक्र चार्ल्सनी वाहिले आणि राणी समोरच्या इमारतीच्या सज्जातून पाहत उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या परिषदेत, राष्ट्रकुलाचे प्रमुखपद आपल्यानंतर चार्ल्सकडे जावे, ही इच्छा त्यांनी उघड बोलून दाखवली आणि जमलेल्या नेत्यांनी ती मान्य केली. एकेक काम असे हातावेगळे होत गेले. कोणते काम केव्हा द्यायचे, हे मात्र त्या स्वतः ठरवत होत्या आणि दिलेले काम दुसऱ्याच्या हातून होताना पाहायला हजर राहत होत्या.

१० मे २०२२ चा दिवस तुला आठवतो का? तू लहान होतीस, आपण दोघी सोफ्यावर बसून संसदेच्या अधिवेशनाचे उद्घाटन पाहत होतो. त्याआधी राणी केवळ दोनदा, १९५९ आणि १९६३ साली, बाळंतपणाच्या सुमारास गैरहजर राहिल्या होत्या. या वेळी चालणे कठीण झाल्यामुळे त्या आल्या नाहीत. मखमली उशीवर मुकुट ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी, राणीच्या नव्हे तर जोडीदाराच्या आसनावर, ७३ वर्षांचे चार्ल्स बसले होते. दरवर्षी राणी ‘माझे सरकार’ म्हणून जे भाषण वाचत, ते त्यांनी ‘महाराणींचे सरकार’ असे म्हणत वाचले. शेजारी त्यांचा मुलगा विल्यम बसलेला का, असे तू विचारले होतेस आणि मला तेव्हा ते सांगता आले नव्हते. राजाची काही कामे तात्पुरती घरातल्या वारसांकडे देण्याची सोय १९३७ च्या कायद्यात आहे, पण ती एकट्याकडे देत नाहीत, किमान दोघांनी मिळून करायची असतात. शिवाय त्या दोघांना कोणाला सरदारकी बहाल करता येत नाही आणि राजाने स्पष्ट सांगितल्याखेरीज संसद विसर्जित करता येत नाही. काम देता येते, नाव देता येत नाही, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला.

तू तो सोहळा पाहत होतीस आणि मला माझे आजोबा, म्हणजे तुझे पणजोबा अण्णा आठवत होते. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांचा सारा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. रोज दुपारी ते झोपाळ्यावर बसत, मी खाली सतरंजीवर पोस्टकार्डे घेऊन बसे आणि ते सांगतील ते लिहीत असे. पहिल्याच कार्डात मी “अण्णा कुशल आहेत” असे लिहिले आणि त्यांनी ते वाचायला सांगितले तेव्हा झोपाळा थांबला. “पत्र माझे आहे, हात फक्त तुझा आहे,” ते म्हणाले. मग ते कार्ड फाडून मी “मी कुशल आहे” असे लिहिले आणि त्यानंतर दोन वर्षे मी रोज दुपारी तासभर पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस होत असे. माझे गुडघे दुखत, माझे व्याह्यांशी मतभेद असत, मला एका भाच्याच्या नोकरीची काळजी वाटे. खाली सही मात्र तेच करत. ती मोडीत असे, मी रेघेच्या सुरुवातीला त्यांचे बोट नेऊन ठेवायची आणि पुढचे ते न पाहता, एका दमात, हात न उचलता करत.

पुढे पुढे ते मला थोडे मोकळे सोडू लागले. ‘नेहमीचे लिही’ एवढेच म्हणत आणि क्षेमकुशलाच्या ओळी मी माझ्या मनाने घाली. एकदा तर दुखवट्याचे पत्र त्यांनी पूर्णपणे माझ्यावर सोपवले, लिहून झाल्यावर वाचून घेतले आणि एक शब्दही न बदलता सही केली. त्या दुपारी मला जे वाटले, ते नंतर कुठल्याही परीक्षेच्या निकालाने वाटले नाही. आपल्याकडे मोठी माणसे सूत्रे कशी देतात, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. कोणी जाहीर करत नाही, कागद होत नाही. आधी हाताखाली घेतात, मग ‘जरा बघ’ म्हणतात, मग एक दिवस ‘तू बघ’ म्हणतात आणि त्या ‘जरा’ शब्दात कधी कधी वीस वर्षे जातात.

हे काही आपल्याच घराचे वेगळेपण नाही. अहिल्याबाईंबद्दल मी तुला सांगितले आहे, पण त्यांच्या सासऱ्यांबद्दल फारसे सांगितलेले नाही. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले, तेव्हा मल्हारराव होळकर साठीचे होते. त्यांनी सुनेला सती जाऊ दिले नाही आणि पुढची बारा वर्षे, स्वतः मोहिमांवर असताना, कारभार तिच्या अंगावर टाकत राहिले. १७६५ साली त्यांनी तिला पाठवलेल्या पत्रात चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे कसे जावे, तोफखाना आणि दारूगोळ्याची तजवीज कशी करावी, अशा सूचना आहेत. विचार कर, सासरा सुनेला तोफांबद्दल लिहितो आहे आणि तेही अठराव्या शतकात. पुढच्याच वर्षी मल्हारराव गेले. नातू मालेरावही वर्षभरात गेला. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य चालवले आणि ते त्यांना जमले, कारण काम त्यांच्या हाताला आधीच लागलेले होते. मल्हाररावांनीही जिवंतपणी सुभेदारी सोडली नव्हती, एवढे लक्षात असू दे.

आता जे मला सांगायला जड जाते ते सांगते. अण्णांची गोष्ट मी जिथे थांबवली, तिथे ती संपली नाही. मी बारा वर्षांची असताना आबांबरोबर ते पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात गेले, मीही सोबत होते. तिथल्या माणसाने त्यांची सही जुन्या सहीशेजारी धरून पाहिली आणि जुळत नाही म्हणून सांगितले. पुन्हा केली, तीही जुळली नाही. मग त्याने निळ्या शाईचा पॅड पुढे सरकवला आणि अण्णांचा अंगठा धरून कागदावर दाबला. तो उद्धट नव्हता, दिवसातून शंभरदा करायचे काम तो करत होता. घरी आल्यावर अण्णांनी मोरीत बसून दगडाने अंगठा घासला. शाई नखाच्या कडेला राहिलीच. संध्याकाळी त्यांनी घराच्या हिशेबाची वही आबांपुढे ठेवली आणि “आता तू बघ” म्हणाले. त्यात ‘जरा’ नव्हते. त्यानंतर ते सात वर्षे होते, पण घरातल्या कोणत्याही गोष्टीत त्यांनी मत दिले नाही. विचारले तर “मला काय विचारता” म्हणत. मला त्यांनी पुन्हा पत्र लिहायला बसवले नाही.

आबांनी ती सात वर्षे रोज पाहिली आहेत. वही दिली की माणूस कसा होतो, हे त्यांच्या मनात कायमचे बसले आहे, असे मला वाटते. त्यांनी हे कधी बोलून दाखवलेले नाही आणि मी विचारलेलेही नाही. परवा आकडा खोडून तोच आकडा लिहिताना त्यांचा हात मी पाहिला, तो कापत होता, पण अक्षर ओळखू येत होते.

तरीही आबांचे सगळेच बरोबर आहे, असे मी म्हणणार नाही. मामा आता ५४ वर्षांचा आहे. गुडघ्यांमुळे आबांना खाली बसता येत नाही, म्हणून गेली पाच वर्षे गणपतीला पाटावर तोच बसतो आणि आबा मागे खुर्चीत असतात, पण संकल्पात आधी आबांचे नाव घेतले जाते आणि कुठे काही चुकले तर मागून आवाज येतो. आपल्या मुलांसमोर असा आवाज ऐकताना मामाला काय वाटत असेल, याचा विचार मी इथे बसून करते, तो तिथे बसून सोसतो. डेन्मार्कच्या मार्गारेट राणींनी पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर विचार केला आणि १४ जानेवारी २०२४ रोजी, राज्यावर येऊन बरोबर ५२ वर्षे झाली त्या दिवशी, मुलाला गादी दिली. नेदरलँड्समध्ये तर १९४८, १९८० आणि २०१३ अशा लागोपाठ तीन राण्यांनी हयातीतच पायउतार होऊन वारसाला जागा दिली. तिथे कोणी त्याला अपमान मानला नाही. आबांनी हे वाचले तर काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे. ते म्हणतील, “त्यांच्याकडे चालते.” पण आपल्याकडे का चालू नये, याचे माझ्याजवळ चांगले उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट आहे. अण्णांची पत्रे मी लिहिली, वही मात्र आबांकडून मामाकडे जाणार हे आमच्या घरात कोणी ठरवावेही लागले नाही. २०१३ च्या कायद्याने इथे ब्रिटनच्या राजघराण्यात मोठ्या बहिणीला धाकट्या भावाच्या मागे ढकलणे बंद झाले आणि म्हणून विल्यमची मुलगी शार्लट धाकट्या भावाच्या, लुईच्या, पुढे आहे, हे तू मला मोठ्या उत्साहाने सांगितलेस, तेव्हा मी मामापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे हे तुझ्या लक्षात आले होते का, कोण जाणे. मला वही नको होती. मी देश सोडून आले, तेव्हा मागायचा प्रश्नही उरला नाही. कोणी विचारले असते तर बरे वाटले असते, एवढेच.

राणींचे शेवटचे छायाचित्र तू प्रकल्पात लावणार आहेस, असे म्हणालीस. ६ सप्टेंबर २०२२ ला बाल्मोरलमध्ये काठी धरून उभ्या राहून त्यांनी नव्या पंतप्रधानांची नेमणूक केली आणि ८ तारखेला त्या गेल्या. त्यांनी ते काम चार्ल्सना दिले असते, तर कोणी दोष दिला नसता. ते चित्र पाहून तुला ‘मरेपर्यंत सोडले नाही’ असे वाटते. मला त्यात पुष्कळ काही देऊन झाल्यावर स्वतःकडे ठेवलेले एक काम दिसते. दोन्ही खरे असू शकेल. तू तुला वाटते तेच लिही, माझे ऐकून बदलू नकोस.

आबांबद्दल मात्र एक विनंती करते, आवडली तर मान. येत्या रविवारी फोन झाला की त्यांना वहीचे पहिले पान दाखवायला सांग. अण्णांनी वही दिल्यावर आबांनी पहिली नोंद केली, त्या ओळीखाली अण्णांची मोडी सही आहे. अंगठ्याच्या दुसऱ्या दिवशी, आबांनी हट्टाने वही पुढे धरली म्हणून, त्यांनी ती केली होती आणि ती जुन्या सहीशी तंतोतंत जुळते. आबा तुला ती नक्की वाचून दाखवतील. त्या वेळी मामाही शेजारी असेल, असे मी त्याला सांगून ठेवते.

तुझी
आई