सूत्रकृमींची प्रयोगशाळा : मुलीने दोन वर्षे द्यावीत का?

प्रश्न : माझी मुलगी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झाली आहे. सूत्रकृमींच्या गुणसूत्रात परके जनुक एकाच प्रतीत बसवण्याचे काम तिला एका प्रयोगशाळेत मिळते आहे. अळ्यांवर दोन वर्षे घालवून पुढे काय?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, मात्र त्या काळजीचा रोख प्राण्यावर नको, कामाच्या स्वरूपावर हवा. सी. एलिगन्स हा सूत्रकृमी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असला, तरी त्याच्यावरील संशोधनाला २००२ आणि २००६ मध्ये नोबेल मिळालेले आहे.

कृमीच्या जननग्रंथीत सुईने डीएनए सोडला, की तो बहुधा गुणसूत्रात न शिरता अनेक प्रतींची माळ होऊन वेगळाच राहतो. ही माळ पेशीविभाजनात अधूनमधून गळते आणि जननपेशींत तर तिच्यावरील जनुके सहसा मुकीच होतात. म्हणून क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राने, गुणसूत्रावर ठरलेल्या जागी काप घेऊन, तो सांधताना पेशीने आपण दिलेला नमुना उतरवून घ्यावा, अशी मांडणी करतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. नीट सरपटता न येणारे कृमी घेऊन, नव्या जनुकासोबत चाल सुधारणारे जनुकही नमुन्यातच ठेवलेले असते, त्यामुळे प्लेटवर (कृमी वाढवण्याच्या बशीत) नागमोडी पळणारा कृमी दिसताच नवशिक्या हरखतो. पण ती चाल माळेमुळेही आलेली असू शकते. यासाठी लाल चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक नमुन्याबाहेर, वेगळे टोचतात; माळ झाली, तर तेही तिच्यात ओवले जाते आणि कृमी लाल दिसतो. पळतो आहे पण लाल दिसत नाही, असाच कृमी उचलायचा, मग एक प्रायमर (डीएनएवर ठरल्या जागी चिकटणारा छोटा तुकडा) नव्या जनुकात आणि दुसरा नमुन्याच्या हद्दीपलीकडे गुणसूत्रावर ठेवून पीसीआर करायचा, म्हणजे त्यांच्यामधल्या डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या, सांधे सिक्वेन्स करायचे, म्हणजे तिथला डीएनए अक्षरशः वाचायचा, आणि प्रत एकच असल्याची निराळी खातरजमा करायची.

केवळ कृमी हाताळता येतात म्हणून कोणी नोकरी देणार नाही, हे स्पष्टच सांगतो. मात्र आपल्याच यशावर असा संशय घेण्याची शिस्त पेशी, उंदीर किंवा वनस्पतींवरील जनुकसंपादनात आणि जनुकोपचारांच्या चाचण्यांत जशीच्या तशी लागते. तेव्हा होकार देण्याआधी मुलीने मार्गदर्शकांना विचारावे, की एखादा स्ट्रेन (ठरावीक जनुकबदल असलेला कृमींचा वाण) आराखड्यापासून सिक्वेन्सिंगपर्यंत ती स्वतः तयार करणार आहे, की कृमींसाठी नुसत्या प्लेटी तयार करत बसणार आहे. उत्तर दुसरे असेल, तर नकार द्यावा.