इंदूरमध्येच, राजवाड्यापासून पलासियापर्यंतच जायचंय. गाडीवर मागे बसणाऱ्या आईलाही हेल्मेट लागतं का?

हो, लागतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते बंधनकारक आहे. अंतर कमी म्हणून सूट नाही, सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. चलान सोडा, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के, तर डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के घटतो. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून धक्का खातो, म्हणून आयएसआय खूण (हेल्मेटचं भारतीय मानक आयएस ४१५१) बघूनच घ्या. आईंचा अंबाडा आड आला तर वेणी घालू द्या, पण हनुवटीखालचा पट्टा हवाच. नाहीतर पडताना हेल्मेट आधी निसटतं. एकदा जोरात आपटलेलं मात्र वरून धडधाकट दिसलं तरी बदला, चेपलेला थर पुन्हा फुगत नाही.