आण्विक की रेणवीय? कर्करोगावरील एका वाक्याच्या निमित्ताने

एका वाचकांनी पुढील शंका विचारली आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे संशोधक डेव्हिड बीअर यांचा परिचय मराठीत लिहिताना त्यांनी इंग्रजी ‘मॉलेक्युलर बायोलॉजी’साठी ‘फुप्फुसाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या आण्विक जीवशास्त्रावर संशोधन’ अशी शब्दयोजना केली. मजकूर वाचणाऱ्या स्नेह्यांनी ‘आण्विक’ खोडून ‘रेणवीय’ केले, तर तिसऱ्या कोणी ‘रेण्वीय’ सुचवले. यांपैकी कोणते रूप ग्राह्य मानावे?

मराठीत येथे ‘रेणवीय’ हवे. ‘आण्विक’ हा शब्द अशुद्ध नाही, परंतु मराठीत त्याचा अर्थ वेगळा आहे, आणि नेमक्या या विषयात तो वेगळा अर्थ वाचकाची दिशाभूल करू शकतो.

घोटाळ्याचे मूळ हिंदी आणि मराठी यांनी एकाच संस्कृत शब्दसाठ्यातून केलेल्या निराळ्या निवडीत आहे. मूलद्रव्याच्या सर्वांत लहान घटकाला मराठीने ‘अणू’ म्हटले आणि असे अणू जोडले जाऊन जो बनतो त्याला ‘रेणू’. हिंदीने पहिल्याला ‘परमाणु’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘अणु’. म्हणून आपण ज्याला अणुऊर्जा विभाग म्हणतो तो हिंदीत ‘परमाणु ऊर्जा विभाग’ असतो आणि आपले भाभा अणुसंशोधन केंद्र तेथे ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ होते. उलट हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या हिंदी नावात ‘कोशिकीय एवं आणविक जीवविज्ञान’ असे शब्द आहेत, आणि ते हिंदीच्या दृष्टीने अगदी चोख आहेत. मराठीत आणताना मात्र ‘कोशिकीय’चे ‘पेशी’ करण्याचे भान आपल्याला राहते (हिंदीत पेशी म्हणजे स्नायू किंवा न्यायालयातील हजेरी, हे सहसा ठाऊक असते) आणि ‘आणविक’ तसेच राहून जाते. मराठीतील बहुतेक ‘आण्विक जीवशास्त्र’ याच वाटेने आले असावे, असा माझा कयास आहे.

दोहोंपैकी कोणाची निवड अधिक शास्त्रशुद्ध, या वादात शिरण्यात अर्थ नाही. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू अशी चढण सांगितली आहे, आणि उन्हाच्या कवडशात तरंगताना दिसणारा कण तो त्रसरेणू असे मानले आहे. त्यामुळे ‘रेणू’ हा ‘अणू’पेक्षा मोठा, या मराठी क्रमाला आधार आहे; तसाच तो हिंदीच्या ‘परमाणु’लाही आहे. आधुनिक रसायनशास्त्राचा रेणू मात्र यांतल्या कशाशीच तंतोतंत जुळत नाही. मराठीत ‘अणुरेणू’ ही जोडी आधीपासून रुळलेली होती, म्हणून आपल्याला ती सोयीची वाटली असेल.

आता कर्करोगाकडे वळू. मराठी वाचकाच्या मनात ‘आण्विक’ म्हणताच अण्वस्त्रे, अणुभट्टी आणि किरणोत्सर्ग उभा राहतो. वनस्पतींविषयीच्या लेखात हा गैरसमज हास्यास्पद म्हणून सोडून देता येईल, परंतु कर्करोगाच्या बाबतीत तो पूर्णपणे पटण्याजोगा असतो आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो. किरणोत्सर्ग हे कर्करोगाचे कारणही आहे आणि त्यावरचा उपचारही. युरेनियमच्या खाणीत काम करणाऱ्यांना रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळे फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, हे सुस्थापित आहे. तेव्हा ‘फुप्फुसाच्या कर्करोगाचा आण्विक अभ्यास’ वाचून कोणी रेडॉनचा अभ्यास समजला, तर चूक वाचकाची म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात तर आणखी एक धागा आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे ‘अणू’ आणि ‘कर्करोग’ हे शब्द येथे एका दमात उच्चारले जातात.

बीअर यांच्यासारख्या संशोधकाचे काम मात्र अणुगर्भाशी संबंधित नाही. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये अन्ननलिकेच्या ग्रंथिपेशीय कर्करोगात कॅथेप्सिन बी या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या आढळल्याचे प्रसिद्ध केले. २००२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या अशाच प्रकारच्या कर्करोगाच्या ८६ गाठी तपासून, कोणती जनुके किती प्रमाणात कार्यरत आहेत यावरून रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो का, हे पाहिले आणि ५० जनुकांवर आधारलेला एक धोकानिर्देशांक मांडला. डीएनए, आरएनए, प्रथिने, विकरे हे सगळे रेणू आहेत. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरिन हा रेणू घेतला, तर शरीरातील विकरे त्याचे रूप पालटतात, पालटलेला रेणू डीएनएमधील ग्वानिन या घटकाला चिकटतो, आणि पेशी डीएनएची नक्कल करताना त्या जागी ग्वानिनऐवजी थायमिन हा दुसराच घटक लिहून बसते. तो ज्या जागांना विशेषकरून चिकटतो त्यांतल्या काही जागा आणि फुप्फुसाच्या कर्करोगात पी-५३ या जनुकात वारंवार बिघडलेल्या आढळणाऱ्या जागा एकच आहेत, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. एका रेणूने दुसऱ्या रेणूला चिकटण्याची ही गोष्ट आहे, आणि तिला ‘रेणवीय’ याहून नेमके विशेषण सापडणार नाही.

रूपाविषयी थोडे. वायूपासून ‘वायवीय’ होते, ‘वाय्वीय’ होत नाही; त्याच न्यायाने रेणूपासून ‘रेणवीय’. ‘रेण्वीय’ छापील मजकुरात दिसते आणि त्याचा अर्थ कळण्यात अडचण नाही, तरी मी ते टाळतो. विशेषण नकोच असेल तर समास करावा, जसे शालेय पुस्तकांत ‘रेणुसूत्र’ आणि ‘रेणुवस्तुमान’ आहेत. समासाच्या पूर्वपदात ‘णु’ ऱ्हस्व आणि सुटा ‘रेणू’ दीर्घ, हे लेखकाने सांभाळायचे.

तथापि माझी खरी हरकत ‘आण्विक’ इतकीच ‘जीवशास्त्रा’वर आहे, जिच्याकडे लाल रेघ मारणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. इंग्रजीत ‘बायोलॉजी’ हा शब्द विद्याशाखेलाही लावतात आणि त्या शाखेत जे अभ्यासले जाते त्या व्यवहारालाही, म्हणून तेथे कर्करोगालाही ती असू शकते. मराठीत ‘शास्त्र’ म्हटले की अभ्यासाची शाखाच डोळ्यांसमोर येते. ‘कर्करोगाचे जीवशास्त्र’ कानाला अडखळते ते त्यामुळे. १९३८ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या वॉरन वीव्हर यांनी ‘मॉलेक्युलर बायोलॉजी’ हे नाव वापरले ते एका विद्याशाखेसाठी, आणि तेवढ्यापुरते ‘रेणवीय जीवशास्त्र’ उत्तम आहे. प्रस्तुत वाक्यात मात्र मी असे लिहीन: ‘फुप्फुसाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात पेशींमधील रेणूंच्या रचनेत व कार्यात कोणते बदल होतात, याचा त्यांनी अभ्यास केला.’ वाक्य लांबले, पण अर्थ उलगडला. (अन्ननलिकेला विज्ञानलेखनात ‘ग्रसिका’ही म्हणतात, परिचयपर लेखात लोकांच्या तोंडचा शब्द पुरे.)

हीच अडचण रुग्णालयातही येते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांची गाठ आज ईजीएफआरसारख्या जनुकांतील बदलांसाठी तपासतात, कारण बदल आढळल्यास त्यावर नेमका काम करणारा उपचार देता येतो. डॉक्टर या तपासणीला ‘मॉलेक्युलर टेस्ट’ म्हणतात. रुग्णांसाठीच्या पत्रकात तिला ‘आण्विक चाचणी’ म्हटले, तर नातेवाइकांना ती किरणांची तपासणी वाटेल. ‘रेणवीय चाचणी’ बरोबर आहे, पण घाबरलेल्या माणसाला त्यातून काहीच कळणार नाही. ‘जनुकीय चाचणी’ सोपे वाटते, परंतु त्यातून आजार आनुवंशिक असल्याची शंका डोकावते आणि मुलांना काही होणार नाही ना, असा प्रश्न लगेच येतो. हे बदल बहुतेक वेळा गाठीतल्या पेशींपुरतेच असतात. तेथे ‘गाठीतील जनुकबदलांची तपासणी’ असे लिहावे.