पंचगंगेत पोहून आल्यापासून पायांवर लाल पुळ्या आल्यात, रात्रभर खाज सुटते. गजकर्ण आहे का? काय लावू?

मी डॉक्टर नाही, पण उन्हाळ्यात रोज सकाळी घाटावर पोहणारा आहे, आणि हे दुखणं दोनदा अंगावर काढलंय.

आधी आठवून बघा, खाज कधी सुरू झाली? पाण्यातून बाहेर आल्यावर थोड्याच वेळात चुणचुण आणि त्याच दिवशी बारीक लाल पुळ्या, त्याही चड्डीबाहेरच्या उघड्या अंगावर, असं असेल तर गजकर्ण नव्हे. गजकर्ण इतक्या लवकर येत नाही. ते हळूहळू गोल पसरतं, कडा लाल नि मधला भाग साफ, आणि जास्त करून जांघेत. बोटांच्या बेचक्यात खाज आणि घरात इतरांनाही असेल तर खरूज.

पोहण्याची ही खाज येते गोगलगायींतून. काठच्या उथळ, उबदार पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटून त्या असतात. गुरांच्या आणि पाणपक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या काही कृमींची पिल्लं त्यांच्यात वाढून पाण्यात सुटतात. त्यांना हवी असते म्हैस किंवा बदक, चुकून आपल्या कातडीत शिरतात आणि तिथंच मरतात. खाज म्हणजे त्यावरची ॲलर्जी. म्हणून एकाची दुसऱ्याला लागत नाही, पण दर खेपेला आदल्यापेक्षा जोरात उठते. माझी दुसरी खेप पहिलीच्या दुप्पट होती.

उपाय साधे आहेत. गार पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, रात्री झोप लागत नसेल तर सेट्रिझिन (झोप येते, गाडी चालवू नका). नखं कापा. साधारण आठवड्यात उतरतं. पू झाला, ताप आला किंवा आठवडा उलटूनही कमी नाही, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

एक मात्र करू नका: मेडिकलवाल्याकडून ‘खाजेची ट्यूब’ आणून चोळणं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड असतं. मी उरलेली तसली एक ट्यूब पुढं खऱ्या गजकर्णावर लावली. दोन दिवस वाटलं, झालं बरं. मग ते जांघेतून पोटापर्यंत चढलं आणि औषध खायला दोन महिने लागले.

आता मी काठाला रेंगाळत नाही, थेट खोल पाण्यात सूर मारतो. म्हशी धुतात त्या बाजूला तर जातच नाही. आणि वर आल्या आल्या टॉवेलनं खसाखसा पुसतो, अंगावर पाणी वाळू देत नाही.